नदी 43 फुटांवर गेली, पण आमच्या गल्लीचं काय?

प्रश्न कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचा आहे. घर नदीपासून जरा आत, शाहूपुरीच्या बाजूला. ते विचारतात: 'पाऊस लागला की दिवसभर मोबाईलवर धरणाचे क्युसेक (दर सेकंदाला सुटणारं पाणी, घनफुटांत) आणि बंधाऱ्याचे फूट येत राहतात. पण सामान वर चढवायचं कधी आणि घर सोडायचं कधी, हे शेवटी शेजारच्या काकांनाच विचारावं लागतं. शहराला लोकांशी नीट बोलायचं असेल तर त्याने काय करायला हवं?'

पूरनियंत्रण कक्षातल्या रात्रपाळ्या आणि पुढे शहरांचे आपत्ती आराखडे लिहिण्या-तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे यंत्रणा बोलत नाही असं नाही, भरपूर बोलते. फक्त ती नदीबद्दल बोलते आणि लोकांना आपल्या गल्लीबद्दल ऐकायचं असतं. या दोन्हीमधलं भाषांतर कोणी करायचं, हे ठरलेलं नसतं. म्हणून ते काम शेजारच्या काकांकडे जातं.

आकड्यांपासून सुरुवात करू. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी बघतात. तिथे 40 आणि 45. हे आकडे पाटबंधारेवाल्यांच्या आणि प्रशासनाच्या कामाचे आहेत, कारण त्यांची पुढची कामं त्यावर सुरू होतात. नागरिकाला त्यातून काय कळतं? कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या माणसाला सगळं कळतं. पाणी पहिल्यांदा आपल्याकडे येतं आणि आपली सोय चित्रदुर्ग मठात होते, हे तिथल्या पोरांनाही पाठ आहे. शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारालाही बऱ्यापैकी अंदाज असतो, कारण गणपतीच्या तोंडावर मूर्ती हलवायच्या की नाही हा त्याच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो. पण दोन गल्ल्या आत, अपार्टमेंटच्या तळमजल्यावर गेल्या चार वर्षांत राहायला आलेल्या माणसाला 43 फूट म्हणजे काहीच नाही.

जुन्या कोल्हापुरात यावर एक सुंदर सोय होती. शिवाजी पुलाकडे जाऊन लोक बघायचे आणि 'मच्छिंद्री झाली' असं म्हणायचे. पाणी पुलाच्या दगडी बांधकामावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं की शहरभर तोंडोतोंडी बातमी. परिपत्रक लागत नव्हतं. ती खूण डोळ्यांनी दिसायची, सगळ्यांना एकच अर्थ कळायचा आणि तिच्यापुढे काय करायचं हेही घराघरात ठरलेलं असायचं. आजचा बंधाऱ्याचा आकडा मच्छिंद्रीपेक्षा कितीतरी अचूक आहे. पण त्याच्यापुढचं 'मग काय करायचं' गळून पडलंय.

ते परत जोडायचं कसं, ते एका निरोपावरून दाखवतो. पावसाळ्यात सगळ्यांनी वाचलेला नमुना असा असतो:

'राधानगरी धरणाचे स्वयंचलित द्वार क्र. 3, 4, 5 व 6 उघडले असून एकूण 7212 क्युसेक विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.'

यात चूक एकही नाही. हिशोबही बरोबर आहे: प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे चारांचे 5712, आणि वीजगृहातून 1500. पण वाचणाऱ्याने हातातलं काम टाकून नेमकं काय करायचं? हाच निरोप गल्लीच्या बाजूने लिहिला तर साधारण असा होईल:

'मंगळवार, सायंकाळी 5. सुतारवाडा, दुधाळी आणि जामदार क्लब परिसर: आज रात्री 10 च्या आत घर सोडा. सुतारवाड्याची सोय चित्रदुर्ग मठात. औषधं, कागदपत्रं, चार्जर घ्या. निघताना मेन स्विच बंद करा. शाहूपुरी कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर: गाड्या आणि तळमजल्यावरचं सामान आजच हलवा, घर सोडायची गरज आत्ता नाही. पुढचा निरोप रात्री 9 वाजता.'

क्युसेक कुठेच नाहीत. ज्याला ते हवेत त्याला ते वेगळे मिळतीलच. कोल्हापुरात निम्म्या गावाला धरणांचे दरवाजे तोंडपाठ असतात, त्यांचा हिरमोड करायचं कारण नाही. पण मुख्य निरोपात गल्लीचं नाव, वेळ, करायची गोष्ट आणि पुढचा निरोप कधी, एवढंच. शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. पुढची बातमी 9 वाजता मिळणार हे माहीत असलं की माणूस मधल्या चार तासांत वीस ग्रुप चाळत बसत नाही. आणि 9 ला नवीन काहीच नसेल तरी 9 लाच सांगायचं: 'पातळी तीच आहे, संध्याकाळचाच सल्ला कायम.' ही शिस्त अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पाडणं सगळ्यात कठीण जातं. त्यांना वाटतं, सांगण्यासारखं काही नाही तर कशाला सांगायचं.

त्यातली मधली ओळही बघा, 'घर सोडायची गरज आत्ता नाही'. कोणाला निघायचं नाही, हे सांगायला यंत्रणा बिचकते, कारण उद्या काही झालं तर ते अंगावर येईल. पण ते न सांगितल्यामुळे कोरड्या भागातले लोकही गाड्या काढतात आणि खरंच निघायचंय त्यांना रस्ता मिळत नाही.

आता वेळेचा मुद्दा. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात, कोणी साहेब बटण दाबत नाही. त्यामुळे 'दरवाजा उघडला' हा निरोप घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. धरण काठोकाठ येतंय आणि वर पाऊस थांबत नाही, हे आदल्या दिवशी दिसतच असतं. निरोप तेव्हा जायला हवा: 'आज रात्री दरवाजे उघडण्याची शक्यता आहे.' सुटलेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून उतरवायला किंवा गोठ्यातली जनावरं हलवायला तेवढेच तास हातात असतात. ते फाईलवर सही होण्यात जाऊ नयेत. म्हणून ठरावीक पातळीचे निरोप मे महिन्यातच लिहून, मंजूर करून ठेवायचे. रात्री दोन वाजता फक्त वेळ आणि आकडा भरायचा आणि पाठवायचं. पाळीवर असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला तेवढा अधिकार लेखी हवा.

25 जुलै 2024 ला पुण्यात काय झालं ते आठवा. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या वर गेलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी झोपेतून उठली ती पार्किंगमधल्या पाण्यात. कोणी कोणाला कधी कळवलं, यावर नंतर बरेच दिवस वाद झाला. माझ्या अनुभवात अशा वादात दोन्ही बाजू बऱ्याचदा खरं बोलत असतात. निरोप एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात वेळेवर गेलेला असतो, त्याची पोचही असते. कार्यालयातून उशाशी मात्र तो पोचत नाही. शासकीय भाषेत 'कळविण्यात आले' म्हणजे पत्र गेलं. रात्रीच्या वेळी तर लोकांना आधी जागं करावं लागतं, कळवणं त्यानंतर.

जागं करायला आता एक चांगलं साधन आलंय. 2023 मध्ये देशभर चाचणीचा निरोप आला होता, फोन अचानक मोठ्याने वाजले आणि अनेकजण दचकले, ते तेच. त्याला तुमचा नंबर लागत नाही. ठरवलेल्या भागातल्या टॉवरखाली जेवढे चालू फोन असतील, तेवढ्यांवर तो एकदम जातो आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजू शकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' यंत्रणा त्यामागे आहे. पर्यटक, महामार्गावर अडकलेले ट्रकवाले, शिरोली एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार, म्हणजे जे तुमच्या कुठल्याच ग्रुपवर नाहीत, त्यांच्यापर्यंत जाणारी ही एकमेव वाट आहे. त्या कामगारांसाठी निरोप हिंदीतही हवा, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. आणि हे साधन राखून वापरायला हवं. साध्या पावसाला फोन किंचाळायला लागला की लोक सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करतात, मग खऱ्या रात्री तो वाजत नाही.

पण फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. पाणी चढलं की महावितरणला वीज तोडावीच लागते, नाहीतर माणसं शॉक लागून मरतात. वीज गेली की काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या जातात, मग फोनच्या. म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा फोन मुका होतो. तेव्हा उपयोगी पडतो तो भोंगा. भोंगा म्हटलं की लोकांना रिक्षा आठवते. पण प्रत्येक महापालिकेकडे त्याहून मोठा ताफा उभाच असतो, तो म्हणजे घंटागाड्या. प्रत्येक गाडीला स्पीकर आहे, चालकाला गल्लीबोळ माहीत आहेत आणि कुठल्या घरात एकटी आजी राहते हेही त्याला ठाऊक असतं. रोज सकाळी कचऱ्याची गाणी वाजवत फिरणारी हीच गाडी संध्याकाळी पुराचा निरोप वाजवत फिरू शकते. आराखड्यात हे लिहायला कोणी तयार नसतं, कारण घनकचरा वेगळा विभाग, आपत्ती वेगळा. ज्या शहरात या दोन विभागांचे प्रमुख एकमेकांशी बोलतात तिथे हे एका बैठकीत होतं.

कोल्हापूरला तर तालमी आहेत. पेठेतली तालीम म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. घरोघरची माणसं ओळखणारी, दोर-ट्यूब घेऊन छातीभर पाण्यात उतरणारी पोरं तिथेच असतात. अधिकाऱ्याच्या निरोपावर न हलणारा माणूस तालमीच्या पोराने दारात उभं राहून 'मामा, चला, आज्जीला मी घेतो' म्हटलं की हलतो. म्हणून प्रत्येक तालमीत, मंडळात दोन ठरलेली माणसं हवीत ज्यांना नियंत्रण कक्षातून थेट फोन जाईल. मशिदीच्या आणि देवळाच्या स्पीकरचंही तसंच. मौलवींना आणि पुजाऱ्यांना आधी भेटून ठेवावं लागतं, ऐन पुरात ओळख काढता येत नाही.

न हलण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण निरोप पोचूनही लोक अडकतात ते इथे. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीत अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं: '2005 ला पाणी इथवर आलं नव्हतं.' लोकांनी भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विश्वास ठेवला, आणि त्यात वेडेपणा नव्हता. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा पूर हीच माणसाची मोजपट्टी असते. त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, सांगलीत कृष्णा 57 फुटांच्या वर. पाणी आलं तेव्हा खाली उतरायला वाट नव्हती आणि होड्या सगळीकडे पोचेनात. अशा वेळी 'धोका पातळी ओलांडली' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण धोका पातळी दर दोन-तीन वर्षांनी ओलांडली जातेच. त्या वेळी मोजपट्टीच मोडावी लागते: 'पाणी 2005 पेक्षा वर जाण्याची शक्यता आहे. तेव्हा ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं त्यांच्या घरात या वेळी येईल.' असं बोलायला धाडस लागतं, कारण अंदाज चुकू शकतो. पण लोक ऐकतात ते असलंच वाक्य. 2021 ला पंचगंगा 2019 च्याही वर गेली.

आणि जनावरं! चिखली-आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांत माणसाला होडीत बसायला सांगता, पण दावणीला म्हैस असेल तर तो बसत नाही. घराचा हप्ता तिच्या दुधावर चाललेला असतो. 'जनावरांसह सोनतळीला या, चाऱ्याची सोय आहे' असा निरोप गेला तर माणसंही आपोआप निघतात. चाऱ्याचा उल्लेख नसलेला निरोप त्या गावांसाठी अपुराच.

मुंबईचं दुखणं वेगळं आहे. तिथे बहुतेक वेळा लोकांना थांबायला सांगावं लागतं, आणि ते जास्त अवघड. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73-74. म्हणजे फोर्टमधल्या कार्यालयात खिडकीबाहेर नेहमीचा पाऊस होता. उपनगरं बुडत असताना दक्षिण मुंबईतली माणसं संध्याकाळी नेहमीसारखी घरी निघाली आणि पाण्यात जाऊन अडकली. 'आहात तिथेच थांबा, शाळेतली मुलं शाळेतच ठेवा' हा एकच निरोप दुपारी सगळीकडे गेला असता तर बरंच टळलं असतं. आईबापांना तो ऐकवत नाही हे खरं. त्यासाठी शाळेची तयारी आधी दिसलेली हवी: रात्री मुलांसोबत कोण थांबणार, खायला काय, फोन कोण उचलणार. पुढे मुंबईने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, 1916 या मदत क्रमांकाचा नियंत्रण कक्ष मजबूत केला, आणि साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच जाहीर व्हायला लागल्या. ती तारखांची यादी मला फार आवडते. घाबरवत नाही, कॅलेंडरला चिकटवता येते.

त्याच पुराचा दुसरा धडा अफवेचा. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची आवई उठली. रात्री चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. पाण्याने नाही, निरोपाने. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आता दर पावसाळ्यात कुठल्या तरी धरणाची ऑडिओ क्लिप फिरते आणि 2019 चा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून येतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 खाली खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ते कलम असावं, पण क्लिप पसरायला दहा मिनिटं लागतात आणि गुन्हा नोंदवायला दोन दिवस. खरा उपाय म्हणजे जागा रिकामी न ठेवणं. दर तासाला बंधाऱ्यावरच्या पट्टीचा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात तारीख आणि वेळ. धरणावरून तिथल्या अभियंत्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे भिंत दिसतेय. आणि प्रत्येक अधिकृत निरोपावर 'उद्या सकाळी 8 पर्यंतच लागू' असं छापलेलं. कारण आपला खरा निरोपही चार दिवसांनी कोणी फॉरवर्ड केला की अफवाच होतो. धरण सुरक्षित असल्याचं सांगताना 'धरण फुटल्याची बातमी खोटी' असा मथळा देऊ नका. घाईत वाचणारा पहिले दोन शब्द वाचून पळतो. 'राधानगरी सुरक्षित, सकाळी 11 चा फोटो' असं लिहा.

अनेक तोंडांनी बोलणं हाही अफवेचाच एक प्रकार आहे. जिल्हाधिकारी कार्यालय 8 वाजताचा आकडा सांगतं, महापालिका 9 चा, नगरसेवक लाईव्हवर 7 चा. तिन्ही खरे, पण ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी लपवतंय. आकड्याची वेळ सगळ्यांसाठी एकच ठरवली की निम्मं भांडण मिटतं. नेत्यांना गप्प बसवता येत नाही, पण त्यांच्या हातात तोच कागद आधी देता येतो.

इशारा फुकट गेला तर? लाल इशारा, शाळांना सुट्टी, आणि दिवसभर ऊन. होतं असं. दुसऱ्या दिवशी सगळे गप्प बसतात, तेवढ्याने पुढच्या इशाऱ्याची किंमत उतरते. त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहाव्यात: ढग कुठे वळले, पाऊस कुठे पडला, पुढच्या वेळी असाच अंदाज आला तर आम्ही पुन्हा सुट्टी देऊ. लोक तेवढं समजून घेतात.

पाणी उतरल्यावरचे निरोप सगळ्यात दुर्लक्षित. 2019 ला कोल्हापूरला पाणी पुरवणारे शिंगणापूर-बालिंग्याचे पंप पाण्याखाली गेले आणि ज्यांच्या घराला पाणी लागलंही नाही त्यांना प्यायला पाणी नव्हतं. टँकर कुठल्या चौकात किती वाजता, हा निरोप तेव्हा बंधाऱ्याच्या पातळीपेक्षा मोठा होता. घरी परतताना मीटर तपासल्याशिवाय स्विच लावू नका, टाकी धुतल्याशिवाय पाणी पिऊ नका, पंचनाम्याआधी चिखलातल्या सामानाचे फोटो काढून ठेवा, हे तीन निरोप भोंग्यावरून फिरवले तरी पुष्कळ.

आता तुमच्यापुरतं. जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर आपलं घर शोधा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग शेजारच्या काकांना घेऊन गल्लीत फिरा आणि 2019 व 2021 ला बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, हे जुन्या फोटोंच्या वेळेवरून काढा. तो आकडा जिन्यात रंगाने लिहून टाका. येत्या मे महिन्यात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारा: आमच्या गल्लीला निघायचा निरोप किती फुटांवर मिळणार, तो कोण आणणार, निवारा कुठला. उत्तर 'सतर्क राहावे' असं आलं, तर त्याच पत्राची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पाठवा. पावसाळ्यात काही अडलं तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077.